मातृभाषा ऐच्छिक झाली तेव्हा: तातारस्तानच्या शाळांचं प्रकरण

कझान आणि इझेव्हस्क ही नावं आपल्याकडे आता बऱ्याच घरांत माहिती आहेत, कारण तिथे एमबीबीएस करायला भारतातून दरवर्षी पोरं जातात आणि त्यात महाराष्ट्रातलीही असतात. पोरगं निघालं की घरचे विचारतात थंडी किती असते, मेसमध्ये काय मिळतं, रशियन शिकावी लागते का. हो, लागते, पेशंटशी बोलायला लागतेच. पण या दोन्ही शहरांची आपली अशी वेगळी भाषा आहे हे त्या चौकशीत कधी येत नाही. कझान ही तातारस्तानची राजधानी, तिथली भाषा तातार, तुर्की कुळातली. इझेव्हस्क ही उदमुर्तियाची राजधानी, तिथली उदमुर्त, म्हणजे फिनिश आणि हंगेरियनची लांबची नातेवाईक. रशियात अशी वीसेक प्रजासत्ताकं आहेत आणि रशियन राज्यघटनेच्या ६८व्या कलमाप्रमाणे त्यांना रशियनच्या जोडीला स्वतःची राज्यभाषा ठेवता येते. कागदावर हे आजही तसंच आहे. शाळेच्या वर्गात मात्र २०१७ नंतर चित्र पालटलं, आणि ते कसं पालटलं हे मला नीट मांडायचंय, कारण मी मराठी शिकवते आणि या प्रकरणातली प्रत्येक गोष्ट वाचताना मला आमच्या शाळेतली ॲडमिशनची खिडकी दिसत राहिली.

आधी तातारस्तान म्हणजे काय ते. व्होल्गा नदीकाठचा सुमारे ४० लाख वस्तीचा प्रदेश, २०१० च्या जनगणनेत ५३ टक्के तातार आणि ४० टक्क्यांच्या आसपास रशियन. तातार बहुतेक मुस्लिम, रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आणि लग्नं एकमेकांत भरपूर होतात, त्यामुळे एकाच घरात एक आजी तातार आणि एक आजी रशियन हे तिथे अगदी नेहमीचं. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर १९९२ मध्ये तातारस्तानने स्वतःची घटना केली, त्यात तातार आणि रशियन या दोन्ही राज्यभाषा आणि दोन्हींचा दर्जा सारखा. त्यावरून पुढे शाळेत नियम आला की पोरगं कुठल्याही घरातलं असो, तातार असो की रशियन, तातार भाषा सगळ्यांनी शिकायची. आठवड्याला तातार भाषा आणि साहित्य मिळून पाचसहा तास. याविरुद्ध एक पालक कोर्टात गेले, प्रकरण रशियाच्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की राज्यभाषा म्हणून तातार सगळ्यांना शिकवण्यात चूक नाही, फक्त त्यापायी रशियनच्या शिक्षणाला धक्का लागता कामा नये. म्हणजे तातारची बाजू कोर्टातही टिकली होती, हे लक्षात ठेवा.

त्याच निकालात लिपीचा मुद्दाही होता. तातार भाषा शतकानुशतकं अरबी लिपीत लिहायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत सरकारने ती लॅटिनमध्ये आणली आणि लोकांना जेमतेम सवय होतेय तोवर १९३९ मध्ये सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत. एका पिढीच्या आत दोनदा लिपी बदलली, आजोबांनी लिहिलेली पत्रं नातवाला वाचता येईनात. १९९९ मध्ये तातारस्तानने परत लॅटिनकडे जायचं ठरवलं तर २००२ मध्ये केंद्राने कायदा केला की प्रजासत्ताकांच्या राज्यभाषांची लिपी सिरिलिकच असेल, आणि तो कायदा न्यायालयाने कायम ठेवला. आजच्या तातार सिरिलिकमध्ये रशियनपेक्षा सहा अक्षरं जास्त आहेत. त्यातलं एक उलट्या इंग्रजी e सारखं दिसतं आणि त्याचा उच्चार साधारण आपल्या ॲ सारखा. आपण ॲ साठी वेगळी खूण केली, ती कीबोर्डवर आली, कोणी काही म्हटलं नाही. तिथे रशियन कीबोर्डवर ते अक्षरच नसतं, मग पोरं चॅट करताना त्याऐवजी रशियन अक्षर टाकून मोकळी होतात आणि हळूहळू तो उच्चारही सपाट होत जातो. भाषा पुसट होते ती अशाही बारीक जागी.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून मांडायचीय कारण तातारच्या बाजूने लिहिणारे बरेच जण ती गाळतात. कझानमधल्या रशियन पालकांची तक्रार खोटी नव्हती. त्यांचं म्हणणं असं की आमची पोरं दहा वर्षं तातार शिकतात आणि शेवटी दुकानात जाऊन दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पुस्तकं अशी केलेली की जणू पोरगं घरी तातारच बोलतं, पहिल्यापासून व्याकरण, विभक्ती, प्रत्यय. ज्या पोराने घरी एक शब्द ऐकलेला नाही त्याला हे परकी भाषा म्हणून, खेळातून, गप्पांतून शिकवायला हवं होतं. आणि दुसरं, तातारला तास दिले की ते कुठूनतरी काढावे लागतात, मग रशियनचे तास शेजारच्या प्रांतातल्या पोरांपेक्षा कमी पडतात. २००९ पासून संपूर्ण रशियात बारावीसारखी एकच परीक्षा सक्तीची झाली, एकीकृत राज्य परीक्षा, रशियन लोक तिला येगे म्हणतात. युनिव्हर्सिटीची ॲडमिशन तिच्यावर. पेपर सगळा रशियनमध्ये, तातारमध्ये देता येत नाही. मग ज्या पोराला मॉस्कोच्या पोराशी त्याच पेपरात स्पर्धा करायचीय त्याच्या आईला रशियनचा एकेक तास मोलाचा वाटणार, यात तिला दोष कसा द्यायचा?

आणि ही भीती फक्त रशियन पालकांची नव्हती बरं का. तातार पालकांनाही तीच होती. तातार माध्यमातून गणित, फिजिक्स शिकलेल्या पोराला अकरावीच्या शेवटी (तिथे शाळा अकरावीपर्यंत असते) सगळा पेपर रशियनमध्ये सोडवायचा म्हणजे सगळ्या संज्ञा परत शिकायच्या. त्यामुळे तातार माध्यमाच्या शाळेत घालायचं की नाही यावर घराघरात वाद. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची खरी कळ ही परीक्षा आहे. पुढचे कायदे, भाषणं, निदर्शनं नंतर आली, पण पोराचं भविष्य एकाच भाषेच्या पेपरातून जातं हे २००९ मध्येच ठरून गेलं होतं.

२० जुलै २०१७. मारी एल या शेजारच्या प्रजासत्ताकाच्या राजधानीत, योश्कार-ओलामध्ये, राष्ट्रीय संबंधांच्या परिषदेची बैठक. तिथे पुतिन बोलले की रशियन ही सगळ्या देशाला बांधून ठेवणारी भाषा आहे, आणि एखाद्याला त्याची मातृभाषा नसलेली भाषा शिकायची सक्ती करणं चालणार नाही, तसंच रशियनचे तास कमी करणंही चालणार नाही. तातारस्तानचं नाव घेतलं नाही पण सगळ्यांना कळलं. आणि काळ बघा, केंद्र आणि तातारस्तान यांच्यात अधिकारवाटपाचा जो करार होता त्याची मुदत त्याच ऑगस्टमध्ये संपत होती, तो पुन्हा झाला नाही. ऑगस्टच्या शेवटी सरकारी वकिलांना आदेश गेला की सगळ्या प्रजासत्ताकांत तपासा, पोरं मातृभाषा खरंच स्वेच्छेने शिकतायत का.

मग सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर जे झालं ते शाळेत काम करणाऱ्या माणसाला लगेच समजेल. वर्ष सुरू झालंय, वेळापत्रक लागलंय, आणि सरकारी वकिलाची नोटीस मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते की तातार सक्तीने शिकवताय, दुरुस्त करा. मुख्याध्यापक कात्रीत. एकीकडे प्रजासत्ताकाचं शिक्षण खातं म्हणतंय थांबा, घाई करू नका, आपला कायदा शाबूत आहे, दुसरीकडे वकिलाची नोटीस. पालकसभा बोलावल्या गेल्या, अर्जाचे कागद वाटले गेले. रशियात या अर्जाला झायावलेनिये म्हणतात, सरकारी कामात त्याशिवाय पान हलत नाही. मी अमुक, तमुक इयत्तेतल्या अमुकचा पालक, माझ्या पाल्याने तातार भाषा शिकावी यासाठी संमती देतो किंवा देत नाही, तारीख, सही. साधा कागद. पण पालकसभेत शेजारच्या बाकावरची आई काय लिहितेय हे दिसतं, आणि तातार शिकवणाऱ्या बाई तिथेच उभ्या असतात, ज्या तुमच्या पोराला तीन वर्षं शिकवतायत आणि ज्यांची नोकरी आता तुमच्या सहीवर आहे. काही पालकांनी म्हणे बाईंकडे बघून सही केली, काहींनी त्याच कारणाने मान खाली घालून केली नाही. हे वाचताना मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे पट मोजतात तेव्हा आम्ही अशाच उभ्या असतो.

शेजारच्या बाश्कोर्तोस्तानात लोक बश्कीर भाषेसाठी राजधानी उफामध्ये रस्त्यावर आले. कझानमध्ये लेखकांनी, प्राध्यापकांनी पत्रं लिहिली. २९ नोव्हेंबर २०१७ ला तातारस्तानच्या विधिमंडळाने, तिथे त्याला राज्य परिषद म्हणतात, निर्णय घेतला की तातार आता ऐच्छिक, पालकांची लेखी संमती असेल तर आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. चर्चा फारशी झालीच नाही, मतदान झालं आणि विषय संपला. पंचवीस वर्षं जी गोष्ट प्रजासत्ताकाची ओळख म्हणून सांगितली जायची ती इतक्या पटकन गेली. थोड्याच दिवसांत तिथले शिक्षणमंत्रीही बदलले. तातारच्या शिक्षकांचे तास एकदम खाली आले, कोणाला रशियन शिकवायचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं, कोणाला दुसरा विषय दिला, कोणी शाळा सोडली. आयुष्यभर एक भाषा शिकवलेल्या माणसाला पन्नाशीत दुसरा विषय शिका म्हणायचं, हा धक्का पगारापेक्षा मोठा असतो.

पुढच्या वर्षी हेच देशभर झालं. ३ ऑगस्ट २०१८ ला केंद्राच्या शिक्षण कायद्यातल्या दुरुस्तीवर सही झाली. मातृभाषा हा विषय ठेवला, पण कुठली भाषा मातृभाषा म्हणून शिकायची हे पालकांनी अर्ज करून निवडायचं, आणि त्या निवडीत रशियन हीसुद्धा मातृभाषा म्हणून निवडता येते. हा बारकावा फार महत्त्वाचा आहे. तातार घरातल्या पोराचे पालकही मातृभाषा या रकान्यात रशियन लिहू शकतात, मग त्याला रशियनचे तास जास्त मिळतात, परीक्षेला उपयोगी पडतात. कुठेही बंदी नाही. कोणी कोणाला तातार बोलू नका म्हणत नाही. कझानच्या मेट्रोत आजही तातारमध्ये घोषणा होते, साक बुलिगिझ, इशेकलॅर याबिला, सावध रहा, दारं बंद होतायत. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत. नाटकं होतात, तातार टीव्ही चालतो. फक्त शाळेतला तो अर्ज.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९५८-५९ मध्ये तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या शिक्षणसुधारणेत अगदी हीच तरतूद होती, पोराने कुठल्या माध्यमात शिकायचं ते पालक ठरवतील. तेव्हाही कोणावर जबरदस्ती नव्हती. पण वरच्या शिक्षणाची, फॅक्टरीची, ऑफिसची भाषा रशियन, त्यामुळे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तातार माध्यमाच्या शाळा शहरांतून जवळपास नाहीशा झाल्या आणि खेड्यांत उरल्या. १९९० च्या दशकात जी सक्ती आली ती या पोकळीला उत्तर म्हणून आली होती. हा इतिहास माहीत नसला की तातार नेते उगाच हट्ट करत होते असं वाटतं. त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या लहानपणी शहरात आल्यावर ट्रॉलीबसमध्ये तातार बोललं की लोक वळून बघायचे. ती लाज त्यांना पोरांच्या वाट्याला येऊ द्यायची नव्हती.

आता इझेव्हस्क. उदमुर्तियात तर उदमुर्त भाषा सगळ्यांना सक्तीची कधी नव्हतीच, ती उदमुर्त गावांतल्या शाळांत टिकून होती. तिथे उदमुर्त लोकच अल्पसंख्य, २०१० मध्ये लोकसंख्येच्या २८ टक्के. युनेस्कोच्या यादीत ही भाषा निश्चित धोक्यात अशी नोंदलेली. या भाषेचा मोठा कवी कुझेबाय गेर्द, त्याला १९३७ मध्ये गोळी घातली, राष्ट्रवादी कटाच्या आरोपाखाली. दुसरीकडे याच भाषेत गाणाऱ्या बुरानोवो गावच्या आज्या २०१२ मध्ये युरोव्हिजन या युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेत, अझरबैजानच्या बाकू शहरात, स्टेजवर उभ्या राहिल्या, अंगावर लाल झगे, पायात झाडाच्या सालीच्या चपला, मागे ओव्हन आणि भाजायला घातलेला पदार्थ, आणि दुसऱ्या आल्या. गावातलं सोव्हिएत काळात पाडलेलं चर्च परत बांधायचं हे त्यांचं स्वप्न होतं आणि ते त्यांनी बांधून घेतलं. सगळ्या युरोपने तेव्हा उदमुर्त ऐकली. पण शाळेच्या अर्जावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

अल्बर्ट राझिन हे उदमुर्त अभ्यासक, वय ७९. सगळं आयुष्य भाषा, लोकपरंपरा, जुने सण यात घातलेलं. २०१८ चं विधेयक आलं तेव्हा त्यांनी आणि आणखी काही जाणकारांनी उदमुर्तियाच्या आमदारांना पत्र लिहून सांगितलं की याला पाठिंबा देऊ नका. विधेयक मंजूर झालं. १० सप्टेंबर २०१९ ला सकाळी ते इझेव्हस्कमध्ये विधिमंडळाच्या इमारतीसमोर एकटे उभे राहिले. रशियात एकट्याने उभं राहून निदर्शन करायला आधी परवानगी लागत नाही, म्हणून लोक एकटे उभे राहतात. हातात दोन फलक. एकावर अवार या कॉकेशसमधल्या भाषेतला कवी रसूल गमझातोव्हची ओळ, की माझी भाषा उद्या मरणार असेल तर मी आजच मरायला तयार आहे. दुसऱ्यावर प्रश्न, मला पितृभूमी आहे का? काही वेळाने त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मला या मरणाचा गौरव करायचा नाही. कुठल्याही भाषेसाठी कोणी असं जाऊ नये, भाषेला जिवंत माणसं लागतात, आणि ७९ वर्षांचा जाणता माणूस म्हणजे तर अख्खं ग्रंथालय. पण त्यांना वेडं म्हणून बाजूला सारणाऱ्यांचाही मला राग येतो. ते अचानक उठून आले नव्हते. पत्रं लिहून झाली होती, सभा झाल्या होत्या, लेख झाले होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, कोणी बंदी घातलीये का, ज्याला शिकायचंय त्याने शिकावं. या उत्तरापुढे भांडताच येत नाही. बंदी असती तर बंदीविरुद्ध लढता आलं असतं. इथे समोर शत्रू म्हणून उभी आहे ती शेजारची आई, जी आपल्या लेकराच्या परीक्षेची काळजी करतेय.

आकडे बघितले तर २०१० च्या जनगणनेत रशियात तातार येतं असं सांगणारे सुमारे ४२.८ लाख होते, २०२१ मध्ये ३२.६ लाख. स्वतःला उदमुर्त म्हणवणारेच साडेपाच लाखांवरून ३.८६ लाखांवर आले. २०२१ ची जनगणना करोनाच्या काळातली आणि तिच्या मोजणीवर तिथल्याच अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतलेत, शिवाय ही घसरण २०१७ च्या आधीपासूनची आहे, त्यामुळे सगळं खापर एका कायद्यावर फोडता येत नाही. गावं रिकामी होणं, शहरातली मिश्र लग्नं, टीव्ही, इंटरनेट, सगळं यात आहे. कायद्याने इतकंच केलं की जो एक बांध होता तो काढून घेतला.

मग तातारांनी काय चुकवलं? माझं स्पष्ट मत आहे की पंचवीस वर्षं तासांची संख्या राखली आणि तासात काय होतं तिकडे दुर्लक्ष झालं. रशियन घरातल्या पोराला तातार आवडावी, बोलता यावी, त्याला त्या भाषेत एखादा मित्र मिळावा, यासाठी पुस्तकं आणि शिक्षक वेळेत तयार झाले असते तर २०१७ मध्ये तेच पालक तातारच्या बाजूने सही करायला आले असते. निदान काही जण तरी. सक्ती हे कुंपण आहे, आत पीक लावावं लागतं. आणि केंद्राची चूक त्याहून मोठी, कारण परीक्षा एका भाषेत ठेवून निवड मोकळी आहे म्हणणं ही मोकळीक नव्हे. तातारमध्येही पेपर देता आला असता, किंवा तातारच्या गुणांना युनिव्हर्सिटीत थोडं वजन असतं, तर त्या अर्जावरची निवड खरी निवड झाली असती. आपल्याकडे २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला तेव्हा मला आनंदच झाला होता, पण कझानचं वाचल्यापासून मी माझ्या वर्गात अमराठी पोरांना व्याकरणाऐवजी आधी गोष्टी सांगायला लागलेय. बाजारात काय विचारशील, रिक्षावाल्याशी काय बोलशील, तिथून सुरुवात.

तिकडे लोक हात बांधून बसलेले नाहीत. कझानमध्ये २०२१ पासून आदिमनार नावाच्या शाळा सुरू झाल्यात, तातार, रशियन आणि इंग्रजी तिन्ही भाषांतून शिकवणाऱ्या. तरुण पोरं स्वतःहून तातारमध्ये रॅप करतात, कपड्यांवर तातार शब्द छापतात, मोठेपणी भाषा शिकायला क्लास लावतात, आणि त्यातली बरीच शहरात वाढलेली, घरी रशियन बोललेली आहेत. २०२३ मध्ये कझानवरच्या एका वेबसिरीजमुळे एक तातार गाणं अख्ख्या रशियात वाजलं, ज्यांना तातारचा एक शब्द येत नाही अशी पोरं शब्द न कळता ते म्हणत होती. शाळेत दोन तास आणि तेही पालकांच्या सहीने, आणि फोनमध्ये हे.

तातारमध्ये आजीला ॲबी म्हणतात. अनेक शहरी तातारांना विचारलं की भाषा कुठे शिकलात तर उत्तर येतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला, ॲबीकडे. तीन महिने गाव, गाय, बागेतल्या बेरी आणि ॲबीची भाषा, मग एक सप्टेंबरला परत शहर, हातात फुलं घेऊन शाळा आणि रशियन. १ सप्टेंबर हा रशियात शाळेचा पहिला दिवस, मोठा सोहळा असतो, पहिलीच्या मुलींच्या केसात पांढऱ्या मोठ्या रिबिनी. त्याच सुमारास पालकांच्या हातात तो अर्ज येतो, मातृभाषेचा रकाना रिकामा ठेवलेला, आणि पेन शोधत आई पर्समध्ये हात घालते.